प्रवासाची पाटी

माझ्या मायला सजवलेलं चालत नाही. भाजीवर भुरभुरलेली कोथिंबीर ती चमच्यानं बाजूला सारते आणि म्हणते, खाली काय शिजलं ते दिसू दे आधी. मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतून बोधगयेला बस न्यायचं ठरलं, माझं नाव त्यात लागलं, आणि तिनं मला पलंगाशी बोलावून घेतलं, तेव्हाच मी ओळखलं की आता हुकूम सुटणार.

माय ऐंशीच्या पुढची. खुबा मोडल्यापासून वॉकर धरून मोरीपर्यंत जाते आणि परत येते, तेवढाच तिचा प्रवास. आवाज मात्र असा, की गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला भाजीवाला दचकावा.

"मले तं आता जाणं होत नाही," ती म्हणाली. "तू जाऊन राहिली. त्या पिंपळाखाली बसजो, अन तथी बसल्या बसल्या काय वाटते ते लिहून आणजो. तथच्या तथी. घरी येऊन सजवून सांगशीन तं मले नको."

हे ती उगीच म्हणाली नव्हती. उत्तर नागपुरात आमचा जो लहानसा विहार आहे, तिथली एक रीत आहे. कोणी प्रवासाला गेलं, की परत आल्यावर रविवारच्या वंदनेनंतर त्यानं उठून सगळं सांगायचं. भिंतीला टेकून गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या बसलेल्या असतात, त्यांचा प्रवास त्या ऐकण्यातच होतो. त्या प्रश्न विचारतात. जेवण कसं होतं, झोपायला सतरंजी होती की गादी, संडास किती दूर. मी थोडंफार लिहिते, चार लोकांत माझं नाव आहे, त्यामुळे सांगायचं काम बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतं. सारनाथला जाऊन आले तेव्हा मी असंच उभं राहून सांगितलं, की तिथल्या शांततेनं माझं मन भरून आलं. झालं! मागून आमची शेजारची मावशी बोलली, "कायची शांतता वं! हे तं तथी चहावाल्यासंग भांडून राहिली होती. साखर नव्हती म्हणून." सगळा विहार खो खो हसला. माय तेव्हा खुबा धड असल्यानं विहारात यायची, पण ती हसली नाही. ती घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

ही मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे. दोघी तरुणपणी एकाच ओसरीवर मांडीला मांडी लावून विड्या वळायच्या, ते नातं. मावशीला तिच्या थोरल्या मुलाचं नाव घेऊन "त्याची माय" अशीच सारी गल्ली हाक मारते. माझी मायसुद्धा. तिचं स्वतःचं नाव काय, ते विचारलं तर अर्ध्या गल्लीला सांगता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी विहारात कॉलेजच्या मुलींनी बायांसाठी वर्ग काढला, तेव्हा मावशी या वयात पाटी घेऊन जाऊन बसली. अक्षरं सगळी काही आली नाहीत, पण पूर्ण नाव लिहायला शिकली. तिला सगळ्यात आवडायची ती हजेरी. तिचं नाव पुकारलं, की असं दणकून "हजर!" म्हणायची, की आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं.

तर मायचा हुकूम होता, आणि तो पाळायचा तर लिहायला काहीतरी हवं होतं. पूर्वी मला हा प्रश्न कधी पडलाच नाही. कोराडीच्या वीज केंद्राच्या ऑफिसात नोकरी केली, रोज शहरातून बसनं जाणं-येणं, आणि त्या बसमध्ये मांडीवर वही ठेवून मी काय काय लिहून काढलं. कोळशाचे ट्रक पुढे असले की बस रांगायची, तेवढी माझी पानं जास्त भरायची. पण रिटायर झाले आणि त्याच वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून उजवं मनगट मोडून घेतलं. आत स्टीलची पट्टी बसवली आहे. पेन धरला की चार ओळींत कळ खांद्यापर्यंत जाते. अक्षर बारीक येतच नाही. मोठं मोठं, सैल हातानं लिहिलं तर जमतं, पण तसं वहीत लिहायला बसले तर गया येईपर्यंत बसमध्ये वह्यांचा गठ्ठा होईल.

"आई, फोन आहे ना," माझा मुलगा म्हणाला. तो मिहानमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडे एकच औषध असतं. फोनवर लिहून पाहिलं. चष्मा लावला तर बोट दिसतं आणि काढला तर अक्षर दिसत नाही. एक वाक्य जुळवून आणावं, की वरून फोन वाजतो आणि कोणीतरी बाई मला कर्ज हवं का विचारते. मी तिला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग म्हणाला, "बोलून ठेव ना. रेकॉर्ड कर." हेही केलं. कोराडीच्या देवळापर्यंत बसनं गेले, खिडकीशी बसले, फोन तोंडाशी धरला आणि हळू आवाजात बोलायला लागले की आता मला असं असं वाटतं आहे. पुढच्या सीटवरची बाई वळून माझ्याकडे बघायला लागली. मी आणखी हळू बोलले. तिनं आणखी वाकून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का वं बाई?" घरी येऊन ऐकलं तर फोनमध्ये कंडक्टर होता, कोणाचं तरी लेकरू रडत होतं, आणि मी कुठेच नव्हते.

तिसऱ्या वेळी मुलानं ऑफिसातून एक टॅबलेट आणला, त्याची पेन्सिल वेगळी, त्या पेन्सिलीचा चार्जर वेगळा. दिसायला देखणा, पण वजन! मायनं तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला. "पोळपाट होय काय?" म्हणाली. मी लिहायला बसले तर तो म्हणाला, अपडेट करा. केलं. मग म्हणाला पासवर्ड द्या. दिला. मग म्हणाला हा पासवर्ड नाही. तोवर जे वाटत होतं ते वाटायचं थांबलं होतं आणि फक्त राग वाटत होता. मुलाला म्हटलं, "घेऊन जा बाबा हा. पिंपळाखाली बसून मी याच्याशी भांडू का?" तो हसत हसत घेऊन गेला. गुणाचा आहे पोरगा, आईचं ऐकून घेतो.

शेवटी जे मिळालं ते न शोधता मिळालं. बर्डीच्या बाजारात शाल घ्यायला गेले होते. शालीच्या दुकानाशेजारी शाळेच्या सामानाचं दुकान, आणि बाहेर काळ्या, पातळ पाट्या टांगलेल्या. प्लॅस्टिकच्या. सोबतच्या काडीनं लिहिलं की हिरवं अक्षर उमटतं. खाली एक बटण, ते दाबलं की सगळं साफ. बस्स, दुसरं काहीच नाही. पासवर्ड नाही, चार्जर नाही, कोणाचा फोन येत नाही. काडी हरवली तर नखानंही लिहिता येतं. मी तिथेच उभं राहून सैल हातानं मोठं मोठं लिहिलं, आणि मनगट गप्प राहिलं! मला इतका आनंद झाला की मी भाव करायलाच विसरले.

"नातवासाठी पाहिजे का, मॅडम?" दुकानदारानं विचारलं.

"मायसाठी," मी म्हटलं. त्या बिचाऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

बटण दाबलं की सगळं जातं आणि परत येत नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. त्यावर मी तोड काढली होती. पाटी भरली की फोननं तिचा फोटो काढायचा आणि मगच पुसायची. त्याच आठवड्यात खाप्याला नणंदेच्या घरी बारसं होतं, जाताना पाटी पिशवीत टाकली. सावनेरच्या पुढे बस अशी उडवत होती की शेजारच्या बाईच्या डब्यातला चिवडा माझ्या मांडीवर आला, पण पाटीवरचं अक्षर वाचता येत होतं. कन्हान नदी दिसली तेही लिहिलं, चिवड्याचंही लिहिलं. घरी आल्यावर शेवटची भरलेली पाटी न पुसता मायच्या हातात दिली. माय चौथी शिकलेली आहे. वर्तमानपत्र तिला आता दिसत नाही, पण पाटी तिनं डोळ्यांपासून लांब धरली आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचला. चिवड्यापाशी हसली.

"हे बरं आहे," म्हणाली. "हे तू लिहिलं असं वाटते. पिंपळाखालचं फोटोगिटो काढून पुसजो नोको. हे पाटी तशीच आणजो. मी वाचीन."

आता मला सांगा, याहून वर काय हवं होतं? मी जाईपर्यंत माय रोज विचारायची, पाटी घेतली ना? बॅगेत कपड्यांच्या आधी पाटी गेली.

प्रवास छान झाला. बसमध्ये बहुतेक बायाच, पांढऱ्या साड्यांच्या घड्या डोक्यावरच्या फळीवर जपून ठेवलेल्या, खाली तिखट पुऱ्या आणि लोणच्याचा वास. मावशी माझ्या शेजारच्या सीटवर होती. मी पाटी काढली की ती मान लांब करून बघायची. माझी पाटी भरायची, मी फोटो काढायची, बटण दाबायची, पुन्हा लिहायची. सगळ्या बसला ती गंमत झाली होती. "आमचं बी टाक वं त्याच्यात," असं मागून कोणीतरी ओरडायचं, आणि मी टाकायची.

बोधगयेला पहाटे पोचलो. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. महाविहाराच्या आवारात फोन नेऊ देत नाहीत, ते बाहेर जमा केले. तपासणीला उभ्या असलेल्या पोलीसबाईनं माझी पाटी उलटीपालटी करून पाहिली. "ये क्या है?"

"स्लेट है. लिखने की."

तिनं काडी घेऊन एक फूल काढलं, मी सांगितलं तसं बटण दाबलं, फूल गेलेलं बघून लहान मुलीसारखी हसली आणि पाटी परत दिली. माझ्या मागे मावशी उभी होती. तिनं हे सगळं नीट पाहिलं.

पिंपळाखाली, कठड्यापासून थोड्या अंतरावर आम्हाला जागा मिळाली. वंदना झाली. बाया आपापल्या जागी डोळे मिटून बसल्या आणि मी मांडीवर पाटी घेतली. काय लिहिलं ते मी इथे सांगणार नाही. आता सांगितलं तर ते सजवलेलंच होईल, आणि माय अजून कान शाबूत ठेवून आहे. एवढंच सांगते, की त्यात गारठलेले पाय होते, चपला सापडतील की नाही याची काळजी होती, आणि माय होती. लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कोणाला दाखवायचं म्हणून आलं नव्हतं. पाटीचा खालचा कोपरा तेवढा रिकामा राहिला. मला वाटलं, झालं मायचं काम.

"मले दे न वं जरा," मावशी शेजारून म्हणाली. "मी बी लिहितो. माहं नाव."

मी दिली. का नाही देणार? खाली कोपऱ्यात मावेल, मायला बरंच वाटेल, असा मी विचार केला. पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून उठले, शाल झटकली, पुन्हा नीट गुंडाळली, आणि वळून बघते तर पाटी काळी कुळकुळीत. मावशी जीभ दातांत धरून पहिलं अक्षर काढत होती.

"मावशी! पुसलं काय वं!" माझा आवाज असा फुटला की ध्यानाला बसलेल्या दोन परदेशी भिक्खूंनी डोळे उघडले.

मावशीनं मान वर केली नाही. "मंग? लिहाच्या आधी पाटी पुसा लागते ना. वर्गात बाईनं शिकवलं तसंच करून राहिली. पाटी साफ, मंग नाव."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हिसकावून घ्यावी असं वाटलं. हो, वाटलं, खोटं कशाला बोलू? फोन असता तर फोटो असता, फोन बाहेर. मायनं एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती माझ्या हातात आली होती, आणि गेली. मी तशीच उभी राहिले. मावशी लिहीत होती. स्वतःचं नाव झालं. मग नवऱ्याचं. काना द्यायला ती अख्खा हात खांद्यापासून खाली आणायची. आडनावापाशी थांबली, बोटानं हवेत गिरवून पाहिलं, मग लिहिलं. पूर्ण पाटी भरली. मला वाटलं आता ती मला दाखवेल. तिनं पाटी उचलली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि अक्षरं झाडाकडे केली. क्षणभर तशीच बसली. मग माझ्याकडे देऊन म्हणाली, "घे. झालं माहं."

मला अजून सगळं आठवत होतं. बटण दाबायचं, ताजं ताजं पुन्हा लिहून काढायचं, मायला काय कळणार? बोट बटणापर्यंत गेलंही. नाही दाबता आलं मला. मी पाटी टॉवेलात गुंडाळली आणि बॅगेच्या तळाशी ठेवली, वर सगळे मऊ कपडे. परतीच्या वाटेवर बाया विचारायला लागल्या, आता लिहून नाही राहिली काहून? मी थाप मारली, बॅटरी गेली. मावशी खिडकीशी गाढ झोपली होती.

घरी आले तेव्हा माय पलंगावर उठून बसलेलीच होती, केस विंचरून. चहा नाही, पाणी नाही, तिनं आधी हात पुढे केला. मी पाटी दिली आणि भिंतीकडे बघत बसले. ती वाचायला लागली. आधी ओठांनी, मग आवाजात. पूर्ण नाव वाचलं आणि थांबली.

"हे तं..."

"हाव," मी म्हटलं. "तिनंच लिहिलं. माझं पुसून लिहिलं. माय, मी लिहिलं होतं वं, तिथल्या तिथी, खरं खरं लिहिलं होतं. सगळं गेलं." आणि मला रडू आलं, रिटायर झालेल्या बाईला, लेकरासारखं.

मायनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत होती, न टेकवता. "जिंदगीभर आंगठा दिला तिनं," ती म्हणाली. "विड्या वळल्या माह्यासंग, अन आंगठा दिला." मग तिनं विचारलं, "कुठी बसून लिहिलं?"

"पिंपळाखाली."

"खाली बसून? मांडी घालून?"

"हाव. अन मग झाडाले दाखवलं."

मायनं डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसली, "मंग आणखी तू काय लिहून आणणार होती वं?"

उशाशी तिच्या गुडघ्याला लावायच्या चिकटपट्ट्या असतात. त्यातली एक तिनं सोलली, पाटीच्या बटणावर चिकटवली, अंगठ्यानं दाबून बसवली, आणि पाटी भिंतीशी उभी करून ठेवली. "तू आपल्याले दुसरी आण," म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी बर्डीवर गेले. दुकानदारानं मला ओळखलं, पण या वेळी त्यानं कोणासाठी म्हणून विचारलं नाही. ती दुसरी पाटी आता माझ्या पिशवीत असते, बसमध्ये, रेल्वेत, दवाखान्याच्या बाकावरही. याहून बरं साधन मला कोणी दाखवलं नाही.

रविवारी मायनं हट्ट धरला. मुलानं तिला खुर्चीसकट उचलून गाडीपर्यंत आणलं आणि विहारात नेलं. वंदना झाली, माझं नाव पुकारलं गेलं, मी उठणार तोच माय म्हणाली, "तू बस. आज मी सांगतो." तिनं मांडीवरची पाटी डोळ्यांपासून लांब धरली, आणि गल्लीत ज्या बाईला वर्गाच्या हजेरीखेरीज पन्नास वर्षं कोणी नावानं हाक मारली नव्हती, तिचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं एका दमात मोठ्यानं पुकारलं.

विहारात बहुतेकींना काही कळेना. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या, ही कोण?

मागच्या भिंतीशी मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली. पदर सारखा केला.

"हजर!"